क्रिटा उघडेना, इंकस्केप उघडेना

जुलै २०२५ मध्ये दुकानातल्या जुन्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. म्हणजे मंडळांच्या पावती पुस्तकांचा हंगाम अगदी तोंडावर आलेला. आमचं कराडमध्ये छोटं डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, फ्लेक्सची डिझाइनं, शाळांचे अहवाल अशी कामं येतात. मी ती सगळी लिनक्सवर करतो. मांडणी इंकस्केपमध्ये, हातानं काढायची चित्रं क्रिटामध्ये पेन टॅब्लेटवर आणि फोटोंची साफसफाई गिंपमध्ये. तिन्ही फुकट आहेत आणि एका माणसाच्या दुकानाला पुरून उरतात.

ओळखीच्या मशीनवाल्याकडून एक सेकंडहँड संगणक घेतला. जुन्यावर उबुंटू हे लिनक्स होतं, आवृत्ती २०.०४. त्याला फुकट मिळणारे नेहमीचे अपडेट मे २०२५ मध्ये थांबले होते, म्हणून नव्यावर थेट २४.०४ टाकलं. मग जुनी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून होम फोल्डर जसंच्या तसं इकडे आणलं. नुसते दिसणारे फोल्डर नव्हे, तर कंट्रोल आणि एच दाबल्यावर दिसतात ते टिंबानं सुरू होणारे लपलेले फोल्डरसुद्धा. कारण माझे ब्रश, शॉर्टकट आणि फॉन्ट तिथंच असतात. इतक्या वर्षांत जमवलेले ब्रश परत कुठून आणणार?

कॉपी झाली, संगणक बंद-चालू केला आणि क्रिटाच्या आयकॉनवर क्लिक केलं. काहीही झालं नाही. चूक दाखवणारी पाटी नाही, बीप नाही. पुन्हा क्लिक केलं, तरी तेच. इंकस्केपवर क्लिक केलं तर बाणाशेजारी चक्र फिरलं, थोडा वेळ वाटलं की आता उघडतंय, आणि चक्रही गेलं. गिंप तेवढं उघडलं.

पहिला उपाय सगळे करतात तोच मीही केला. इंकस्केप काढून टाकलं, पुन्हा घातलं. फरक शून्य. याचं कारण नंतर कळलं ते इथंच सांगतो, कारण यात बऱ्याच जणांचा वेळ जातो. लिनक्सवर प्रोग्रॅम एका जागी बसतो आणि तुमच्या त्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज तुमच्या होम फोल्डरमध्ये असतात. प्रोग्रॅम काढला, अगदी मुळासकट काढला, तरी होम फोल्डरला हात लागत नाही. बिघाड सेटिंग्जमध्ये असेल तर नवा कोरा प्रोग्रॅमही येऊन तीच बिघडलेली फाइल वाचतो आणि तसाच गप्प होतो.

मशीनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "लिनक्सचं असंच असतंय बघा. घेऊन या, फॉरमॅट मारून देतो." वर त्याचे पाचशे रुपये सांगितले. खोटं कशाला बोलू, मी पिशवी काढली होती. बाहेर एका मंडळाची दोन पोरं पावती पुस्तकाचं प्रूफ बघायला येऊन बसलेली. त्यांना चहा सांगितला आणि पुण्याला भाच्याला फोन लावला. तो इंजिनिअरिंग करतो आणि त्याच्या खोलीत सगळे लिनक्सवालेच आहेत.

"मामा, आयकॉनवर क्लिक करू नका. टर्मिनलमधून चालवा आणि काय येतंय ते मला वाचून दाखवा."

"टर्मिनलमध्ये काय लिहू?"

"इंकस्केपचं नुसतं नाव, स्मॉलमध्ये. क्रिटाची फाइल माउसनं धरून टर्मिनलच्या खिडकीत सोडा, पत्ता आपोआप येतो. मग एंटर."

ही साधी गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. आयकॉनवरून चालवलेला प्रोग्रॅम मरताना जे बोलतो ते आपल्याला दिसतच नाही. टर्मिनलमधून चालवला की तेच सगळं समोर छापून येतं. ते फोनवर वाचून दाखवण्यापेक्षा निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबलं की कॉपी होतं. नुसत्या कंट्रोल-सी नं तिथं कॉपी होत नाही, उलट चालू प्रोग्रॅम थांबतो.

क्रिटानं अगदी स्वच्छ सांगितलं होतं. 'लिबफ्यूज' नावाची लायब्ररी, आवृत्ती २, सापडत नाही आणि ॲपइमेज चालायला फ्यूज लागतं, एवढंच. क्रिटा बनवणारे लिनक्ससाठी प्रोग्रॅम ॲपइमेज या स्वरूपात देतात. ही एकच मोठी फाइल असते. ती इन्स्टॉल करावी लागत नाही. उघडली की ती स्वतःला एखाद्या डिस्कसारखी जोडून घेते आणि आतला प्रोग्रॅम चालवते. हे जोडून घ्यायला फ्यूज लागतं. उबुंटू २२.०४ पासून त्याची जुनी, दोन क्रमांकाची लायब्ररी आपोआप येत नाही. ती आपली आपण घ्यावी लागते.

२२.०४ वर त्या पॅकेजचं नाव 'लिबफ्यूज२' आहे. २४.०४ वर तेच 'लिबफ्यूज२टी६४' झालं आहे. जुन्या ३२ बिटी यंत्रांवर २०३८ साली तारखांचा घोळ होणार आहे, त्याच्या तयारीत बऱ्याच पॅकेजांच्या नावापुढे हे शेपूट लागलं. भाच्यानं एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. "नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज टाकू नका हं. 'लिब'वालंच टाका." नुसतं फ्यूज टाकायला गेलं तर ते नव्या फ्यूज-३ ला बाहेर काढतं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे भागही त्याबरोबर जाऊ शकतात. कुठलंही पॅकेज टाकताना 'हे काढलं जाईल' अशी यादी येते. ती न वाचता 'वाय' दाबू नये, मग कितीही घाई असो.

लायब्ररी टाकली. क्रिटाचं सुरुवातीचं चित्र पडद्यावर आलं. मंडळाची पोरंही मान वळवून बघायला लागली. चित्र दोन-तीन सेकंद राहिलं आणि गेलं. यावेळी टर्मिनलमध्ये शेवटची ओळ होती 'सेगमेंटेशन फॉल्ट'. मी भाच्याला म्हटलं, "आता संपलं."

तो म्हणाला, "संपलं कसं? पहिला अडथळा गेला म्हणून दुसरा दिसतोय."

इंकस्केपचा मजकूर वेगळाच होता. पानभर इशारे. जवळपास प्रत्येक ओळीत 'जीटीके' आणि 'वॉर्निंग'. ते बघून मला धडकी भरली. पण भाच्यानं गिंपही टर्मिनलमधून चालवायला सांगितलं. ते उघडलं आणि त्यानंही असेच इशारे ओतले. म्हणजे चांगला चालणारा प्रोग्रॅमसुद्धा एवढी बडबड करतोच. तेव्हापासून मी न चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या शेजारी एक चालणारा प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये चालवून बघतो. दोघांत सारख्या असलेल्या ओळी सोडून द्यायच्या आणि उरतील त्या वाचायच्या. इंकस्केपच्या बाबतीत मात्र काहीच उरलं नाही. इशारे झाले की प्रोग्रॅम मुकाट बंद. निदान कळेल असा सुगावा तिथं नव्हता.

मग त्यानं जे सुचवलं ते मला सगळ्यात उपयोगी पडलं. "मामा, सेटिंग्जमध्ये जाऊन एक नवा युजर काढा. लॉगआउट करा, त्या युजरनं आत जा आणि तिथं दोन्ही उघडून बघा."

नव्या युजरचं होम फोल्डर कोरं असतं. तिथं प्रोग्रॅम उघडला तर संगणक, उबुंटू, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम हे सगळं ठीक आहे आणि दोष आपल्या होम फोल्डरमध्ये आहे. तिथंही नाही उघडला तर होम फोल्डरमध्ये शोधण्यात अर्थ नाही, बाहेर बघायचं. निम्मं जंगल एका फटक्यात साफ होतं. एक अडचण आली. नवा युजर माझ्या होम फोल्डरमध्ये डोकावू शकत नाही, म्हणून क्रिटाची फाइल तिथं पुन्हा उतरवून घ्यावी लागली.

दोन्ही उघडले. क्रिटाही आणि इंकस्केपही, काही कुरकुर न करता. मी खुर्चीवर मागं टेकलो. त्या पोरांचं काम रखडलेलं, म्हणून आधी त्यांचं पावती पुस्तक मी त्या कोऱ्या खात्यातच पूर्ण केलं. माझे फॉन्ट तिथं नव्हते. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे 'बालू' आणि 'मुक्त' हे फॉन्ट नेटवरून फुकट उतरवून घेतले आणि मंडळाचं नाव बालूमध्ये टाकलं. पोरांना ते जुन्यापेक्षा आवडलं. बटर पेपरवर प्रिंट काढून प्रेसला पाठवली. घाईचं काम अंगावर असेल तर हा मार्ग लक्षात ठेवा. दुरुस्ती होईपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही, पण नव्या खात्यात काम चालू शकतं.

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून दुरुस्तीला बसलो. भाच्याचा एकच नियम होता. काही खोडायचं नाही, फक्त नाव बदलायचं. फोल्डरच्या नावापुढे 'जुनं' जोडलं की प्रोग्रॅमला ते सापडत नाही, तो स्वतःचं नवं बनवतो. उपयोग झाला नाही तर नाव परत पहिल्यासारखं करायचं. आणि एका वेळी एकच बदल.

क्रिटाच्या सेटिंग्ज होममधल्या 'डॉट कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. तिथं 'क्रिटाआरसी' ही मुख्य फाइल आणि तिच्या शेजारी 'क्रिटाडिस्प्लेआरसी' ही दुसरी. ब्रश तिथं नसतातच. ते 'डॉट लोकल'मधल्या 'शेअर'च्या आत 'क्रिटा' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. ब्रशांना धक्का न लावता सेटिंग्ज बाजूला करता येत होत्या. काढलेली चित्रं तर आपण ठेवू तिथं सुट्या फायली म्हणून असतात, त्यांचा या भानगडीशी संबंध नाही.

दोन्ही फायलींची नावं बदलली आणि क्रिटा उघडलं. मग मुख्य फाइल परत आणली, तरी उघडलं. माझ्या सेटिंग्ज जागेवर. डिस्प्लेवाली परत आणली की पुन्हा सेगमेंटेशन फॉल्ट. कागद ग्राफिक्स चिपच्या मदतीनं रंगवायचा की नाही आणि कोणत्या पद्धतीनं, याच्या नोंदी त्या फाइलमध्ये असतात. त्या नोंदी जुन्या संगणकाच्या चिपच्या होत्या. नव्या यंत्रात चिप वेगळी. ती फाइल बाजूलाच ठेवली. क्रिटानं नवी बनवली आणि विषय संपला. ज्यांना फायली शोधायच्या नाहीत त्यांच्यासाठी क्रिटात आडवाटही आहे. प्रोग्रॅम सुरू होताना शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबून धरलं की सेटिंग्ज मूळपदावर आणू का, असं तो विचारतो. पण त्यात चांगल्या सेटिंग्जही जातात, म्हणून मला फायलींचा मार्ग बरा वाटला.

इंकस्केपनं जास्त दमवलं. त्याचंही सेटिंग्जचं फोल्डर डॉट कॉन्फिगमध्येच असतं. त्याचं नाव बदललं, तरी उघडेना. नव्या युजरमध्ये तर उघडत होतं. मग माझ्या होममध्ये असं काय होतं जे तिथं नव्हतं? मी भाच्याला हाच प्रश्न विचारला आणि विचारता विचारताच उत्तर सुचलं. फॉन्ट.

ज्यानं मराठी डीटीपी केलंय त्याला हे सांगायला नको. आमच्याकडे युनिकोडच्या आधीच्या काळातल्या फॉन्टांचा ढीग असतो. एका शाळेचा जुना अहवाल एका फॉन्टमध्ये, एका सोसायटीचं लेटरहेड दुसऱ्यात. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह देतं, त्यातले फॉन्ट आपण घेतो आणि ते तिथंच राहतात. काढून टाकायची सोय नाही. काढले की पुढच्या वर्षी तीच फाइल उघडल्यावर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. माझ्याकडे असे फॉन्ट हजाराच्या घरात होते. कोणता कुठून आला, कुणास ठाऊक. गिंप त्या सगळ्यांसकट उघडत होतं, म्हणून फॉन्टांवर माझा संशयच गेला नव्हता. पण प्रत्येक प्रोग्रॅम फॉन्टची चौकशी आपल्या रीतीनं करतो. एकाला जो फॉन्ट चालतो त्यात दुसरा अडखळू शकतो.

आपले आपण टाकलेले फॉन्ट दोन जागी असू शकतात. एक होममधलं 'डॉट फॉन्ट्स' हे जुन्या पद्धतीचं फोल्डर आणि दुसरं 'डॉट लोकल'मधल्या 'शेअर'च्या आतलं 'फॉन्ट्स'. एकाचंच नाव बदललं तर काही होत नाही, दुसरीकडचे फॉन्ट लागू राहतात. मी दोन्हींची नावं बदलली. फॉन्टांची नोंदवही नव्यानं लिहायला लावणारी 'एफसी-कॅश' नावाची कमांड आहे, ती चालवली. इंकस्केप उघडलं.

आता हजारातला एक शोधायचा. एकेक घालत बसलो असतो तर गणपती बसले असते. त्याऐवजी निम्मे फॉन्ट परत घातले आणि निम्मे बाहेर ठेवले. इंकस्केप उघडलं, म्हणजे आतले निर्दोष. मग बाहेरच्यांतले निम्मे आत. उघडलं नाही, म्हणजे दोषी या निम्म्यात. पुन्हा त्यांचे दोन भाग. हजाराचे निम्मे करत गेलं की साधारण दहा वेळांत एका फॉन्टवर येऊन पोचतो. प्रत्येक वेळी इंकस्केप बंद आहे ना हे बघायचं, फायली हलवायच्या, एफसी-कॅश चालवायची, इंकस्केप उघडायचं. चहा थंड झाला तरी हे काम कंटाळवाणं नव्हतं, कारण प्रत्येक खेपेला ढीग लहान झालेला दिसत होता.

शेवटी जो हाती लागला तो शीर्षकांसाठी वापरायचा एक जाडा फॉन्ट होता. जुन्या डिस्कवर तोच फॉन्ट काढून शेजारी ठेवला. तिथल्यापेक्षा इथला आकारानं निम्म्याहून कमी. कॉपी होताना फाइल अर्धवट आलेली. सुरुवातीचा भाग शाबूत असल्यामुळे यादीत तो फॉन्ट म्हणून दिसत होता. जुन्या डिस्कवरून ती एकच फाइल पुन्हा आणली, आकार जुळला आणि सगळे फॉन्ट परत जागेवर घातल्यावरही इंकस्केप उघडलं.

भाच्याच्या खोलीतल्या एकाची वेगळी तऱ्हा त्यानं त्याच रात्री सांगितली. त्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर ब्लेंडर उघडत नव्हतं. नव्या युजरमध्येही नाही. म्हणजे दोष होमचा नव्हता. ब्लेंडर ४.० पासून लिनक्सवर निदान ओपनजीएल ४.३ लागतं आणि त्याची ग्राफिक्स चिप त्याच्या खाली होती. आपली चिप कुठवर जाते हे 'जीएलएक्सइन्फो' या कमांडपुढे 'उणे मोठा बी' लिहिलं की थोडक्यात कळतं. ती कमांड 'मेसा-युटिल्स' पॅकेजमध्ये येते. त्या यादीत चिपच्या जागी 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर चित्रं चिप काढतच नाहीये, सगळा भार प्रोसेसरवर आहे आणि आधी ड्रायव्हर बघायला हवा. त्या मुलानं ब्लेंडरची ३.६ ही आवृत्ती घेतली आणि त्याचं काम सुरू झालं. चिपच अपुरी असेल तेव्हा सेटिंग्ज उकरून हाती काही लागत नाही.

आणखी एक. संगणक मराठीत ठेवला असेल तर काही संदेश मराठीत येतात आणि त्यांवर नेटवर शोधलं तर काही सापडत नाही. टर्मिनलमध्ये प्रोग्रॅमच्या नावाआधी 'एलसी_ऑल बरोबर सी' हे इंग्रजीत, कॅपिटलमध्ये लिहिलं की तेवढ्यापुरते संदेश इंग्रजीत येतात. मदत मागताना संदेश सगळाच्या सगळा पाठवावा, मोबाइलवर काढलेला अर्ध्या पडद्याचा फोटो नको. भाच्यानं माझ्याकडून पहिल्यांदा तसाच फोटो घेतला आणि परत पाठवून दिला.

त्या हंगामातली पावती पुस्तकं वेळेत गेली. नवा युजर मी काढून टाकलेला नाही, तो तसाच ठेवलाय. काही उघडेनासं झालं की आधी तिथं जाऊन बघतो. आणि त्या फॉरमॅटबद्दल म्हणाल, तर तो मारून काहीच झालं नसतं. फॉरमॅटनंतर मी तेच होम फोल्डर परत आणलं असतं, त्यातल्या त्याच दोन फायलींसकट, आणि क्रिटाला लिबफ्यूजही पुन्हा नसतंच. पाचशे रुपये मात्र गेले असते.